कळकलेलं पितळ

आप्पांनी हातोडीनं कॉकवर हलका ठोका दिला, मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाले, "हे मेलंय."

मला कळेना. कॉक दिसायला ठणठणीत होता. वरून थोडा हिरवट पडलेला, पण मूठ फिरत होती, आटे शाबूत होते. आप्पांनी बाकावर पडलेल्या गनमेटलच्या एका बुशवर तसाच ठोका दिला. टण्ण. मग पुन्हा कॉकवर. थप्प. ओल्या लाकडावर मारल्यासारखा.

"देवळातली घंटा कधी असं बोलती काय रे?"

मी पाइप पाना लावून जोर दिला. जोर म्हणजे किती, तर लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायला लागतो तेवढा. कॉकची शेपटी पान्यासकट माझ्या हातात आली. मोडलेल्या जागी पितळेचा पिवळा रंग नव्हताच. होता तो विटेच्या भुकटीसारखा गुलाबी, रवाळ रंग. नखानं खरवडलं तर कण पडत होते.

हा कॉक एका शिडाच्या बोटीच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली दोन फुटांवर कित्येक वर्षं बसलेला होता. आणि माझा मित्र त्या बोटीतून गेले तीन महिने मांडवीतून समुद्रात जाऊन येत होता.

शिडाची बोट बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, काय करत होती, हा प्रश्न त्या वर्षी मला इतक्या लोकांनी विचारला की शेवटी मी "राकसकोपला सोडणार आहे" असं सांगायला लागलो. दोघांना ते खरं वाटलं. त्यातल्या एकानं गंभीरपणे सांगितलं की तिथलं पाणी प्यायचं आहे, परवानगी मिळणार नाही. खरी गोष्ट साधी होती. मित्र शहापूरचा, माझ्या वर्गातला. जहाजावर इंजिन खात्यात नोकरी करून निवृत्त झाला आणि गोव्यात स्थायिक होऊन त्यानं ही सव्वीस फुटी, फायबरग्लासची, मूळची अमेरिकन बनावटीची जुनी बोट घेतली. पावसाळ्यात बोट पाण्याबाहेर काढावीच लागते. तिकडं यार्डात चार महिने ठेवून काम करून घ्यायचं म्हणजे भाडं, मजुरी आणि "उद्या येतो" म्हणणारी माणसं. माझ्या शेडचा मागचा अर्धा भाग रिकामा होता. मे महिन्यात ट्रकवर लादून बोट चोर्ला घाटातून वर आली, समुद्रसपाटीपासून जवळजवळ साडेसातशे मीटर उंचीवर.

आम्हा बेळगावकरांचं समुद्राशी नातं गमतीचं आहे. रविवारी सकाळी निघालो तर दुपारच्या जेवणाला मासे गोव्यात. पण आमच्या गटारीतून वाहणारं पाणी तिकडं जात नाही. ते मार्कंडेय नदीत, तिथून घटप्रभेत, तिथून कृष्णेत आणि शेवटी अख्खा मुलूख ओलांडून बंगालच्या उपसागरात. खानापूर तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पाठ फिरवून पूर्वेला निघते. त्याच तालुक्यात म्हादई उगम पावते आणि पश्चिमेला उतरून, गोव्यात मांडवी होऊन, पणजीजवळ समुद्राला मिळते. एकाच ढगातला पाऊस, कुठल्या उतारावर पडला त्यावर सगळं. लहानपणी जांबोटीच्या पुढं गाडी थांबवून आप्पा हे समजावून सांगायचे. मला तेव्हा त्यापेक्षा तिथल्या भज्यांत जास्त रस असायचा.

बोटीच्या पोटाला मुद्दाम पाडलेली पाच भोकं होती. सिंकचं सांडपाणी, संडासाला पाणी घेणं, संडासाचं पाणी सोडणं, इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी घेणं आणि मागच्या बैठकीत साचणारं पाणी बाहेर काढणं. प्रत्येक भोकात बाहेरून छत्रीसारख्या टोपीची नळी घातलेली, आतून मोठ्या नटानं आवळलेली, आणि तिच्यावर बंद-चालू करायला कॉक. नळीला थ्रू-हल म्हणतात आणि कॉकला सीकॉक. बोट ज्याच्यामुळे बुडते ते वादळ वगैरे कादंबऱ्यांत. बांधून ठेवलेली बोट शांत पाण्यात रात्रीतून तळाला बसते ती बहुतेकदा असल्याच एखाद्या नळीपायी किंवा तिच्या होजपायी.

मी हिशेब केला. दीड इंची भोक, पाण्याखाली दोन फूट. घर्षण वगैरे वजा जाता मिनिटाला साधारण १४० लिटर पाणी आत येतं. म्हणजे आमच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी सात मिनिटांत भरेल. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मग ती बोट आपल्याच गच्चीवर ठेवा." ज्या गावात नळ आठवड्यातून एकदा-दोनदा येतो तिथल्या बाईशी पाण्याच्या संकटाबद्दल बोलताना जपून बोलावं.

आता पितळाबद्दल. आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात एक नियम वेदवाक्यासारखा होता. ताक पितळेच्या भांड्यात ठेवायचं नाही, ते कळकतं. चिंचेचं सारसुद्धा नाही. वर्षातून दोन-तीनदा गल्लीत कल्हईवाला यायचा. भाता, कोळसा, नवसागराचा पांढरा धूर, आणि कापसाच्या बोळ्यानं फिरवलेलं कथील. क्षणात भांड्याच्या पोटात चांदणं. त्या धुराचा वास आजही नाकात आहे. कळकण्यात भांड्याचं काही जात नाही, निदान दिसण्यासारखं नाही. नासतं ते ताक.

समुद्रात हे उलटं होतं. पाणी होतं तसंच राहतं आणि पितळ कळकतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आम्ही लेथवर जो रॉड चालवतो, आयएस ३१९ चा, त्यात तांबं जेमतेम ५८ टक्के, शिसं तीनेक टक्के, बाकी बहुतेक सगळं जस्त. कापायला लोण्यासारखा. चुरा कसा भुरभुरत पडतो, टूल तापत नाही, आटे चकचकीत येतात. घरच्या नळाला, गॅसला, टाकीला उत्तम. पण खाऱ्या पाण्यात जस्त आणि तांबं एकमेकांच्या शेजारी नांदत नाहीत. जस्त हळूहळू पाण्यात निघून जातं आणि मागं राहतं ते तांब्याचं स्पंजासारखं जाळं. आकार तोच, आटे तेच, वरचा शिक्कासुद्धा तोच. फक्त ताकद नाही, आणि आवाज नाही.

मी तो मोडका तुकडा बराच वेळ हातात धरून बसलो होतो. कारण असले कॉक मी स्वतः वळलेत, शेकड्यांनी नाही, हजारांनी. धंद्यात नवा होतो तेव्हा एका व्यापाऱ्याची मोठी ऑर्डर आली होती, दीड इंची, एक इंची, पाऊण इंची. तीन पाळ्या चालवल्या. माल कुठं लागणार हे मी विचारलं नाही. ड्रॉइंगवर 'ब्रास' लिहिलं होतं, मी ब्रास दिलं. त्यातला एखादा कुठल्या बोटीत गेला असेल असं नाही म्हणत मी. पण नसेलच असंही म्हणता येत नाही.

नवे कॉक कशाचे करायचे यावर दोन रविवार गेले. मित्राचं म्हणणं स्टेनलेस, ३१६. चकाकतं आणि गंजत नाही म्हणे. मी म्हटलं, स्टेनलेस जिवंत राहतं ते हवेतल्या प्राणवायूवर, त्याची वरची साय त्यानंच टिकते. सीलंटखाली, साचलेल्या पाण्यात, आट्यांच्या फटीत ते गुदमरतं आणि आतल्या आत खड्डे पडतात. दुसरा पर्याय काचतंतू घातलेल्या नायलॉनचा. ते फिटिंग परदेशातून मागवावं लागतं. खरं सांगायचं तर तेच बरं पडलं असतं, ना गंज ना वीज. पण लेथवाल्याच्या शेडमध्ये बोट आणून उभी करायची आणि वर प्लास्टिक मागवायचं, हे मला पचेना. याला तांत्रिक कारण नाही.

मग राहिलं गनमेटल. आमच्या बाजारात एलटीबी-टू म्हणतात ते. तांबं ८५, कथील ५, शिसं ५, जस्त ५. जस्त इतकं कमी की गेलं तरी घर पडत नाही. आप्पांनी एका वाक्यात निकाल लावला. "कल्हई वरून मारतात, ती आतच मिसळलास म्हणजे झालं." नावांवर मात्र विसंबू नये. मॅंगनीज ब्रॉन्झ नावाचा एक धातू मिळतो, नावात ब्रॉन्झ आहे आणि पोटात चाळीस टक्क्यांच्या आसपास जस्त. भारदस्त आडनाव लावून फिरणारं पितळच ते.

आप्पा पॅटर्नमेकर. चाळीस वर्षं उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांसाठी लाकडाचे साचे करत आले. आता वय ७८, हात थरथरतो, पण पटाशी धरली की थरथरायचा थांबतो. तो कसा, हे मला डॉक्टरनाही सांगता आलं नाही. त्यांची एक पट्टी आहे, तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा मोठा. ओतलेला धातू थंड होताना आकसतो म्हणून साचा तेवढा मोठा करायचा. बिडाला शंभरात एक, गनमेटलला दीडच्या आसपास. लहानपणी ती पट्टी मी शाळेत नेली होती आणि भूमितीच्या बाईंचा मार खाल्ला होता.

आम्ही जुन्या पद्धतीचा कॉक करायचं ठरवलं. बॉल व्हॉल्व्ह नाही, तर निमुळता गट्टू निमुळत्या भोकात बसवलेला. गट्टू आणि बॉडी एकाच धातूची, म्हणजे आत पितळेचा गोळा लपून बसायची भानगड नाही. मागच्या गल्लीतल्या छोट्या फाउंड्रीत ओतले. त्या फाउंड्रीचा मालक कन्नड बोलणारा, मिस्त्री मराठी, भट्टीवरचा पोरगा उत्तर प्रदेशातला. भोकाला एक तूतु म्हणतो, एक भोक, एक छेद. ओतकामाला एरक. चहाला मात्र तिघंही चहाच म्हणतात. पाच बॉडी ओतल्या. प्रत्येकीत रात्रभर रॉकेल भरून खाली कोरा कागद ठेवला. सकाळी चार कागद कोरे, पाचव्यावर रुपयाएवढा डाग. ती बॉडी पुन्हा भट्टीत गेली. मग निळा रंग फासून गट्टू कुठं टेकतो ते बघायचं, पेस्ट लावून घासायचं, पुसायचं, पुन्हा निळा. एकेका कॉकला दोन-अडीच तास. ट्रान्झिस्टर लावून बसलं की बरं जातं.

आट्यांची गोष्ट सांगायची राहिली. जुना कॉक इतका सहज का निघाला, याचं अर्धं उत्तर पितळात होतं, अर्धं आट्यांत. नळी मूळची अमेरिकन, तिच्यावर इंचात साडेअकरा आटे. आधीच्या कुठल्या मालकानं तिच्यावर बाजारातला देशी व्हॉल्व्ह चढवला होता, इंचात अकरा आटे. आट्यांचा कोनही वेगळा, एकाचा ६०, दुसऱ्याचा ५५ अंश. गंमत अशी की पहिले तीन फेरे दोघं अगदी गुण्यागोविंदानं एकमेकांत जातात. चौथ्याला अडतात. बसवणाऱ्याला वाटतं घट्ट झालं. वर टेपची गुंडाळी मारली की दिसायलाही झक्कास. मी थ्रेड गेज लावला आणि तिथल्या तिथं हसलो. आमच्या भागात वाढलेल्या माणसाला हे असलं घट्ट होणं ओळखीचं आहे.

पाचातली दोन भोकं कायमची बुजवायची ठरलं. संडास मित्र काढूनच टाकणार होता, म्हणजे त्याची दोन्ही भोकं रिकामी पडणार होती. इथं आमच्या फिटरनं, बैलहोंगलचा तो, मला वेड्यात काढलं. कारण भोक बुजवायचं तर आधी ते मोठं करायचं असतं. फायबरची जाडी बारा मिलिमीटर असेल तर भोकाभोवती बारापट, म्हणजे सुमारे दीडशे मिलिमीटरपर्यंत उतरता घास काढायचा. दोन इंचाच्या भोकाची परात होते. मग तिच्यात लहान-मोठ्या काचकापडाच्या चकत्या इपॉक्सीत भिजवून एकावर एक. भोकात नुसता लगदा भरला तर बुचासारखा तो एक दिवस निघून येतो. फिटर ग्राइंडर धरून म्हणाला, "मालक, दोन इंचासाठी एवढं खांडायचं?" त्याला आईच्या वाकळीचं ठिगळ दाखवलं. फाटलंय बोटभर, ठिगळ वीतभर, तेव्हा कुठं टाका धरतो. त्यानं मान हलवली, पण ग्राइंडर सुरू करायच्या आधी देवाला नमस्कार केला.

हे सगळं जूनमध्ये उरकेल असा माझा अंदाज होता. बेळगावचा पाऊस मी विसरलो होतो, जन्मभर त्यात राहून. जून ते सप्टेंबर इथं कपडे वाळत नाहीत, पापड सादळतात, पुस्तकांना बुरशी येते. अशा हवेत इपॉक्सी नीट धरत नाही, वर मेणचट थर येतो आणि त्यावर पुढचा थर चिकटत नाही. पहिलं ठिगळ मी घाईनं जुलैत मारलं. आठ दिवसांनी चाकूचं टोक घातलं तर कडेला सुटत होतं. चूक पूर्ण माझी. सगळं पुन्हा घासून काढलं, शेडचे पत्रे जिथं गळत होते तिथं डांबर मारलं आणि गप्प बसलो. मित्र दर रविवारी फोन करायचा, मी दर रविवारी पाऊस किती पडला ते सांगायचो. शेवटी दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली, त्यात बोटीलाही झेंडूचा हार घातला, आणि उन्हं पडल्यावर काम खऱ्या अर्थानं सुरू झालं.

प्रत्येक भोकाच्या आतून काचतंतूच्या जाड पट्ट्याची बैठक इपॉक्सीनं चिकटवली, कॉकचा पाया तिच्यावर बोल्टनं बसतो. नुसत्या नळीवर कॉक लोंबकळत ठेवायचा नाही, कुणाचा पाय पडला तर नळीच मोडते. अमेरिकन बोटवाल्यांच्या मानकात याची परीक्षा दिलेली आहे. कॉकवर २२७ किलोचा भार तीस सेकंद, आणि काही हलता कामा नये. आम्ही चेन पुली लावली, मध्ये काटा अडकवला आणि २४० पर्यंत ओढलं. तीस सेकंद फार मोठे असतात. बोट कण्हली. कॉक नाही.

बसवण्याचा दिवस मला फार आवडला. बाहेर फिटर टोपी धरून, आत मी नटावर. मध्ये बोटीची भिंत, एकमेकांना दिसत नाही, हाक नीट ऐकू येत नाही. एक ठोका म्हणजे थांब, दोन ठोके म्हणजे फिरव. सीलंट फासलेलं. इथं खरं कसब म्हणजे पूर्ण न आवळणं. पहिल्याच दमात जोर केला तर सगळा सीलंट कडेनं बाहेर येतो आणि आत कोरडी भेट उरते. कडेला सारखी वळी आली की थांबायचं. तिसऱ्या भोकाला ठोक्यांची भाषा विसरून तो बाहेरून कानडीत 'पुरे' म्हणून ओरडला, "साकु, मालक, साकु!" आणि मी थांबलो. सीलंट निवडताना मित्रानं सगळ्यात कडक चिकटणारा आणला होता, एकदा धरला की फायबरचा पापुद्रा घेऊनच सुटणारा. मी तो परत पाठवला आणि मऊ जातीचा मागवला. वीस वर्षांनी कुणीतरी हे उघडेल. त्याला शिव्या द्यायला लागू नयेत.

प्रत्येक कॉकला दोरीनं एक लाकडी गुडदी बांधून ठेवली, कॉकच गेला तर भोकात ठोकायला. गुडद्या आप्पांनी केल्या. मऊ लाकडाच्या, पाण्यानं फुगणाऱ्या. गुळगुळीत घासून त्यांवर पेन्सिलीनं मापं लिहिली, त्यांच्या त्या मोठ्या फुटाच्या पट्टीनं. मी काही बोललो नाही. पुन्हा मोजून दुसरीकडं खरी मापं लिहिली.

बोट निघाली ती ऑक्टोबरच्या शेवटी. परतीच्या पावसानं जांबोटीच्या पुढं गाठलं, इतकं की ट्रकवाल्यानं गाडी बाजूला लावली आणि आम्ही तिघं केबिनमध्ये तासभर बसून राहिलो. ताडपत्री उडत होती. कणकुंबीला धुकं, घाटात धुकं, साखळीला उतरलो तेव्हा ऊन.

क्रेननं बोट पाण्यात टेकवली पण पट्टे सोडले नाहीत. आधी आत जाऊन बघायचं, मग सोडायचं, हा नियम. मी आणि मित्र आत उतरलो. आप्पा धक्क्यावर थांबतील असं ठरलं होतं, पण ते शिडीवरून पाठमोरे उतरून आत आले. आयुष्यात पहिल्यांदा बोटीत. तिन्ही कॉक उघडले, बंद केले. बुडाशी हात फिरवला, कोरडं. बुजवलेल्या दोन जागा, कोरड्या. मग मित्रानं तळाची फळी उचलली आणि तिघंही गप्प झालो. खाली दोनेक लिटर पाणी हलत होतं.

मित्राचा चेहरा पडला. वर क्रेनवाला हाका मारत होता. मी टॉर्च घेऊन पुन्हा एकेक कॉक बघायला लागलो, तेवढ्यात आप्पा गुडघ्यावर बसले, त्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

थोडा वेळ चव घेतली.

"गोडं हाय," म्हणाले. "जांबोटीचं."

मित्रानं पंपाचं बटण दाबलं. बाहेर, बोटीच्या कडेनं, ते पाणी मांडवीत पडल्याचा आवाज आला.